भरून ठेवलेलं मडकं

१

सोळा ऑगस्ट, सकाळचे सव्वासहा. सिस्टर तोरिबिया मानुएलितोला उठवायला जुन्या गल्लीत गेली. दार लोटलेलं होतं. मानुएलितो अंथरुणात नव्हता. अंथरूणही नव्हतं, जपमाळही नव्हती.

मानुएलितो म्हणजे बाळ येशू. हातभर उंचीची मूर्ती, गाल रंगवलेले, एका पायाचा अंगठा झिजलेला. आरेकिपातल्या सांता गर्त्रुदिस मठात तो वेदीवर राहत नसे. त्याला घर होतं. घर म्हणजे पांढऱ्या दगडाची एक खोली, एक चूल, पुढे चार पावलांचं अंगण आणि दारावर एका संताचं नाव. मठातल्या प्रत्येक सिस्टरचं घर असंच होतं, सगळी एकाच गल्लीत.

दर पंधरा ऑगस्टला, मारियामातेच्या सणाला, ही घरं बदलत. कुणाचा जीव एका भिंतीत अडकू नये म्हणून. टोपलीतून लाकडी टिकल्या काढायच्या, टिकलीवर ज्या संताचं नाव निघेल ते वर्षभराचं घर. मानुएलितोच्या नावानेही एक टिकली निघे. बरोबर न्यायचं ते फक्त अंथरूण आणि जपमाळ. बाकी सगळं त्या घराचं. निघण्याआधी घर झाडायचं, पाण्याचं मडकं काठोकाठ भरून ठेवायचं. मग जी आपल्या घरात येणार तिच्या दारी जाऊन तिला हाताला धरून आणायचं आणि म्हणायचं, "ये बाई, हे आता तुझं." त्यानंतर सोडलेल्या घरात, पुन्हा त्याची टिकली निघेपर्यंत, पाऊल टाकायचं नाही. डोकावायचंसुद्धा नाही.

यंदा टोपली निघालीच नव्हती. सहा वर्षांपूर्वीच्या भूकंपात गल्लीच्या भिंतींना तडे गेले होते, आणि आता बागेच्या टोकाला आर्चबिशपांच्या कृपेने सिमेंटची नवी इमारत उभी राहिली होती. एक लांब ओसरी, दारांवर संतांऐवजी आकडे, नळाला गरम पाणी. नऊ सिस्टर, नऊ खोल्या. लिमाहून गेल्या वर्षी सणानंतर आलेल्या मठप्रमुख मदर ग्रासिएला यांनी वयाप्रमाणे खोल्या नेमून दिल्या. सर्वांत म्हातारीला न्हाणीघराजवळची पहिली. काल दुपारी सगळ्याजणी तिकडे राहायला गेल्या.

मानुएलितोला खोली नव्हती. त्याच्यासाठी भेटीच्या खोलीत काचेचं कपाट आलं होतं. आज सकाळी त्याला तिथे ठेवायचं होतं. कालची एक रात्र तेवढा तो जुन्या गल्लीत एकटा होता.

२

"मुकुट इथेच आहे," मदर लेओकादिया म्हणाल्या.

त्या मठाच्या उपप्रमुख. साठी ओलांडलेली, उंच, वडिलांचं औषधांचं दुकान असल्यामुळे कुठलीही गोष्ट आधी हुंगून बघायची सवय. त्यांनी मानुएलितोची खोली बघितली. मेजावर चांदीचा मुकुट. कोपऱ्यात त्याचं वीतभर मडकं, काठोकाठ भरलेलं, पाण्यावर एक हिरवं पान तरंगणारं. जमिनीवर झाडूचे ताजे फराटे, आतून दाराकडे गेलेले. खिडकी बंद.

"मुकुट नवा आहे. गेल्या भूकंपानंतर केलेला," मदर ग्रासिएला म्हणाल्या. "त्या बुस्तिन्साला मुकुट नको होता. त्याला मूर्तीच हवी होती."

बुस्तिन्सा हा जुन्या वस्तूंचा व्यापारी. चार दिवसांपूर्वी तो भेटीच्या खोलीत जाळीपलीकडे बसून मानुएलितोची किंमत विचारून गेला होता.

"त्याला दार कुणी उघडलं?" मदर ग्रासिएला पुढे म्हणाल्या. "फाटकावरच्या साबिनाने. काल खाटा उचलायला आवारात कोण आलं? साबिना. बाहेरच्या दाराची किल्ली कुणाकडे? आणि मदर, फाटकापाशी तिची खोली आहे ती आता जाणार आहे. गल्ली बघायला लोक येतील, तिकिटं तिथे विकायची ठरलंय. तिला राग असणारच."

"राग असेल. पण तेवीस वर्षं ती आपला बाजार करते आहे."

"मलाही बरं वाटत नाही," मदर ग्रासिएला म्हणाल्या, आणि ते खरं होतं. त्यांचे डोळे रात्रभर न झोपल्यासारखे होते. "पण मूर्ती गावाबाहेर गेली की गेली. आधी सगळीकडे शोधू. नव्या खोल्या मी स्वतः बघते. जुन्या गल्लीत प्रत्येकीने आपापलं घर बघावं, त्याचे कानेकोपरे तिलाच ठाऊक. दुपारच्या घंटेपर्यंत सापडला नाही, तर मी पोलिसांना कळवणार. साबिनाचं नाव सांगावं लागेल."

लेओकादिया आपल्या घराकडे गेल्या. सांता मोनिका. दारापुढच्या कुंडीत जिरेनियम कालच्यासारखंच लाल होतं. गेल्या वर्षी ते त्यांना कुणीतरी सोपवलं होतं, आता कुणाला सोपवायचं ते माहीत नव्हतं. आतून गार चुलीचा वास आला. त्यांनी क्षणभर दाराच्या लाकडावर हात ठेवला.

मग त्या परत आल्या. "नाही," त्यांनी सांगितलं.

बाकीच्याही एकेक करून आल्या. नाही. नाही. नाही.

३

साबिना फाटकाजवळच्या खोलीत खाटेवर बसली होती. मध्ये जाळी नव्हती. लेओकादिया आवाराच्या उंबऱ्याच्या अलीकडे आणि साबिना पलीकडे. खोली आवरलेली होती. कपड्यांचं गाठोडं बांधलेलं, भिंतीवरची नवऱ्याची तसबीर उतरवलेली, पाण्याचं मडकं उपडं घातलेलं.

"कळलं मला, मदर. दूधवाल्यालासुद्धा कळलं. चोर म्हणजे साबिना."

"चोर कुणी म्हटलं नाही."

"म्हणायला कशाला पाहिजे? सकाळपासून सामान आत द्यायच्या फिरत्या खिडकीतून एक बटाटा मागवला नाही कुणी. त्या लिमावालीला सांगा, मला मानुएलितो चोरायचा असता तर त्याला गोवर आला होता तेव्हाच चोरला असता."

"त्याला गोवर कधी आला?"

"तोरिबिया सिस्टरनी लाल रंग जास्त लावला होता तेव्हा!" साबिना हसली आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "त्याच्या जोड्यांचं कातडं मी आणते दरवर्षी. चालून चालून झिजवतो म्हणून. कुणासाठी आणत होते मी?"

लेओकादियांनी मडक्याकडे बघितलं. "हे उपडं का घातलंस?"

"जायचंय ना इथून. घर सोडताना मडकं उपडंच घालतात. कोळी शिरतात, धूळ बसते. तुमच्याकडे काय करतात?"

"भरून ठेवतात."

"भरून? जाताना? कुणासाठी?"

"जी येणार तिच्यासाठी."

साबिनाने थोडा विचार केला. "चांगलं आहे. पण आम्हा बाहेरच्यांना हे कोण सांगणार? तुमची दारं बंद." तिने गाठोड्याची गाठ आणखी घट्ट केली. "मी बाजारात जाऊन येते. येते किंवा येत नाही. जिथे चोर म्हटलं तिथलं पाणीसुद्धा मी पिणार नाही, मदर."

"घंटेपर्यंत थांब."

"तेवीस वर्षं तुमच्या घंटेवरच तर उठले-बसले."

४

तोरिबिया वस्त्रांच्या खोलीत इस्त्री करत होती. ती आणि लेओकादिया एकाच वर्षी मठात आलेल्या, त्यामुळे दोघींत मदर-सिस्टर नव्हतं.

"मला विचारायला आलीस? विचार. काचेच्या कपाटाला मी नाही म्हणत होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरातल्या माणसाला कुणी कपाटात ठेवतं? लोणचं आहे का तो?"

"खिशात काय आहे?"

तोरिबियाने इस्त्री आपटली. मग खिशातून अंगठ्याएवढे दोन जोडे काढले, नवे, शिवण अजून पांढरी. "काल घालायचे होते. घर बदलायच्या दिवशी नवे जोडे. काल त्या खाटा, ती गडबड. म्हटलं, सकाळी घालू. आता सकाळ झाली आणि पाय नाहीत."

"मूर्ती जड आहे?"

"अग, आत घायपाताच्या खोडाचा भुसभुशीत गाभा आहे, वर नुसतं प्लास्टर. आपल्या कोंबडीपेक्षा हलका. म्हणून तर त्याला सांभाळून धरावं लागतं."

स्वयंपाकघरात मेल्चोरा मिरच्या चिरत होती. सर्वांत लहान, चिवायच्या डोंगरातली, हात सुतारासारखे. मदर ग्रासिएलांना तिच्या नव्या खोलीत चादरीची घडी मोडलेली दिसली नव्हती, आणि हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

"काल कुठे झोपलीस?"

"इथेच, चुलीपाशी, खाली," मेल्चोराने मान वर न करता सांगितलं. "तिकडची गादी अशी मऊ आहे मदर, की मला वाटलं मी मेले. मोठ्या मदरना सांगू नका. त्यांनी हौसेने आणलीय."

"रात्री गल्लीत कुणी दिसलं?"

"पहाटे घंटेच्या आधी धूर दिसला. वरच्या बाजूला. म्हटलं, कुणीतरी आपल्या चुलीचा निरोप घेत असेल. मलाही घ्यायचा होता. धाडस झालं नाही."

उरल्या सिस्टर एदुविखेस. चौऱ्यांशी वर्षांच्या. नव्या इमारतीतल्या एक नंबरच्या खोलीत त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, हातात जपमाळ. त्यांना दिवस आठवत नसत, माणसं आठवत. गरम पाण्याचा नळ त्यांनी अजून उघडला नव्हता.

"पोरी, मला इथे आणायला कोणी आलं नाही," त्या म्हणाल्या. "खाट आली. दोन माणसांनी खाट आणली, आणि मग मला सांगितलं, तुझी खोली ही. हाताला कुणी धरलं नाही."

"चुकलं आमचं."

"तुला मी आणलं होतं. तू किती रडत होतीस! आईला पत्र लिहीन म्हणत होतीस."

"सिस्टर, मानुएलितो हरवलाय."

"हरवेल कसा? घर बदलायचा दिवस होता काल," एदुविखेस म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. तिथून गल्लीचं वरचं टोक दिसत होतं. "जुनं घर पहिल्याच रात्री रिकामं ठेवू नये."

लेओकादिया ओसरीत आल्या. कोपऱ्यावरच्या नव्या नळाखाली त्यांनी ओंजळ धरली, पाणी तोंडाला लावलं आणि थांबल्या. पाण्याला लोखंडाचा वास होता.

त्यांना दुसरं एक पाणी आठवलं.

५

दुपारच्या घंटेला थोडा वेळ उरला होता. मदर ग्रासिएला भेटीच्या खोलीत काचेच्या रिकाम्या कपाटासमोर उभ्या होत्या. शेजारी टेलिफोन.

"करू नका," लेओकादिया म्हणाल्या. "चोरी झालेली नाही. घर बदललंय."

"म्हणजे?"

"काय गेलंय ते बघा. अंथरूण आणि जपमाळ. काय राहिलंय? बाकी सगळं. आपण घर बदलतो तेव्हा नेमकं हेच नेतो, हेच ठेवतो. चोर मूर्ती चादरीत गुंडाळेल, कबूल. पण जपमाळ बियांची आहे, ती कशाला नेईल? आणि कुठला चोर जाताना घर झाडून, मडकं भरून जातो?"

"साबिनाला तुमच्या रीती माहीत असतील. इतकी वर्षं आहे."

"फाटकाबाहेर आहे. तिच्या खोलीत मडकं उपडं घातलंय. गावात घर सोडणारी बाई तेच करते. भरून ठेवतात हे मी सांगितलं तेव्हा ती चकित झाली. आणि ते मडकं मी विचारायच्या आधीच उपडं होतं."

मदर ग्रासिएलांचा हात टेलिफोनवरून खाली आला. "मग मूर्ती कुठे आहे? नव्या खोल्या मी पलंगाखालीसुद्धा बघितल्या. जुनी घरं तुम्ही सगळ्यांनी बघितली."

"नाही बघितली."

"प्रत्येकीने मला येऊन सांगितलं!"

"तुम्ही प्रत्येकीला तिचं स्वतःचं सोडलेलं घर बघायला पाठवलंत. आमच्यात सोडलेल्या घरात कुणी डोकावत नाही, मदर. आम्ही दारापर्यंत गेलो, उभ्या राहिलो आणि परत आलो. एकीनेही कडी काढली नसेल." लेओकादिया थांबल्या. "मीही काढली नाही. दाराला हात लावला आणि तुम्हाला 'नाही' सांगितलं. खोटं बोलतो आहोत असं वाटलंसुद्धा नाही. तुमच्या नव्या इमारतीत शोध पक्का झाला. जुन्या गल्लीत झालाच नाही."

मदर ग्रासिएलांनी रिकाम्या कपाटाचं दार लोटलं. मग म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि आम्हाला वाटलं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं."

"आता सगळी घरं उघडायची?"

"एकच. मडक्यात पान होतं. खिडकी बंद, मग पान वाऱ्याने आलेलं नाही. ते सेद्रोनचं होतं. कारंज्यापाशी झुडूप आहे, चुरगळलं की लिंबासारखा वास येतो. मी वीस वर्षांची होते, पहिल्यांदा घर बदलायची वेळ आली आणि मी उंबऱ्यात बसून रडत होते. जिच्या घरात जायचं होतं तिने मला हाताला धरून आणलं आणि मडक्यातलं पाणी दिलं. पाण्याला हाच वास. म्हणाली, पान टाकलं की घर परकं वाटत नाही. नियमात ते नव्हतं, म्हणून बाकी कुणी टाकलं नाही. मीही नाही. त्या एकट्याच टाकत."

"कोण?"

"सिस्टर एदुविखेस. आणि येणाऱ्याला स्वतःच्या घरात आणायचं ते सोडणारीने. म्हणजे त्याचं घर झाडून मडकंही त्यांनीच भरलं, आणि मानुएलितो त्यांच्या घरात आहे. सान हेरोनिमो. गल्लीच्या वरच्या टोकाला. पहाटे मेल्चोराला धूर दिसला तो तिकडेच."

सान हेरोनिमोच्या दाराची कडी मदर ग्रासिएलांनी काढली. लेओकादिया उंबऱ्यावर थांबल्या. त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी हे घर सोडलं होतं, तरी पाय पुढे होईना.

चुलीत राख होती, अजून कोमट. खाटेवर हातभर गादी, त्यावर गळ्यापर्यंत पांघरूण घेतलेला मानुएलितो. जुने जोडे खाटेखाली, टाचा जुळवून ठेवलेले. जपमाळ हातात. खाटेशेजारी एक छोटं स्टूल, त्यावर म्हाताऱ्या माणसाची लोकरी शाल विसरलेली.

"त्या इथे बसून होत्या," मदर ग्रासिएला हळूच म्हणाल्या. "पहाटेच्या थंडीत. चौऱ्यांशीव्या वर्षी."

६

एदुविखेसनी काहीच नाकारलं नाही.

"मग काय करू? घर सोडायचं आणि कुणाला द्यायचं नाही? टोपली नाही, टिकली नाही. माझ्या घरात यायला कुणी नव्हतं, आणि त्याला जायला घर नव्हतं. मी गेले, त्याला म्हटलं, ये बाळा, हे आता तुझं."

"सकाळी तुम्ही नाही म्हणालात, सिस्टर."

"माझ्या घरात आहे का असं विचारलं. ते घर आता माझं आहे का? त्याचं आहे." त्यांनी मदर ग्रासिएलांकडे कौतुकाने बघितलं. "तू नवी आहेस ना? तुला कुणी आणलं हाताला धरून?"

मदर ग्रासिएलांनी मान हलवली. "बसस्टँडवरून टॅक्सीने आले."

"अरे देवा," एदुविखेस म्हणाल्या, आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

दुपारी जेवणघरात मदर ग्रासिएला उभ्या राहिल्या आणि दोनच गोष्टी बोलल्या. नवी इमारत बांधताना आपण एक माणूस मोजायला विसरलो, दहाव्या खोलीसाठी आजच आर्चबिशपांकडे मागणी जाईल. आणि उद्या टोपली निघेल. नऊ खोल्या, दहा जण, जिला खोली उरणार नाही ती तोवर चुलीपाशी झोपेल. मेल्चोराने मान खाली घातली, पण तिचे खांदे हसत होते. तोरिबियाने खिशातून जोडे काढून ताटाशेजारी ठेवले.

जेवण झाल्यावर मदर ग्रासिएलांनी लेओकादियांना ओसरीत गाठलं.

"साबिना कुठे आहे?"

"बाजारात गेलीय. येते किंवा येत नाही म्हणाली."

"मी तिची माफी मागायला हवी." त्या थोडा वेळ घुटमळल्या. "ते पान कसलं म्हणालात?"

"सेद्रोन. कारंज्यापाशी."

संध्याकाळच्या प्रार्थनेआधी लेओकादिया फाटकापाशी गेल्या. साबिनाच्या खोलीचं दार उघडं होतं. खाट होती, तसबिरीचा खिळा होता. गाठोडं नव्हतं. दूधवाल्याने दुपारी तिला सान लाझारोच्या उतारावर बघितलं होतं, डोक्यावर गाठोडं घेऊन. पण ती कुठे चालली होती ते त्याने विचारलं नव्हतं.

कोपऱ्यातलं मडकं मात्र उपडं नव्हतं. कुणीतरी ते धुऊन, सुलटं करून, काठोकाठ भरून ठेवलं होतं. लेओकादिया वाकल्या. लिंबाचा वास आला. पाण्यावर एक पान नव्हतं, तर सेद्रोनची अख्खी डहाळी उपटून घातली होती, मुळाजवळच्या मातीसकट. ज्याने कधी पाहिलं नाही, फक्त ऐकलं आहे, त्याच्या हातून होतं तसं.

त्यांनी डहाळी तशीच राहू दिली. बोटाने तेवढी माती काढली.

साडेसहाला घंटा झाली. तोवर साबिना परतलेली नव्हती.